तिसऱ्या नळीवरचा बाण

तिसऱ्या नळीवरचा बाण मी अंदाजानं काढला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत रोज डबा खातो त्या सहकाऱ्यांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरांना तर नाहीच. सर गेल्या थंडीत गेले. त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून द्या, असं त्यांच्या घरून आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून सारखं सांगणं येतंय. चार वेळा लिहायला बसलो. चारही वेळा सरांच्या गमती लिहिल्या आणि कागद फाडून टाकले. बाण वगळून लिहिलेलं सगळं वरवरचं वाटत होतं.

म्हणून तो आधी सांगितला. आता सर.

सर कोल्हापुरात भूशास्त्र शिकवायचे आणि अभ्यास करायचे समुद्राच्या चिखलाचा. कोल्हापुरापासून समुद्र घाट उतरून जावं लागावं इतका लांब, आणि सरांचा समुद्र तर तोही नव्हे. पार पलीकडचा, कृष्णा जिथं समुद्राला मिळते तिथला. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत त्यांना ‘चिखलमास्तर’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि सरांना ते आवडायचं. कोपऱ्यावरचा सलूनवाला दाढी करता करता एकदा त्यांना म्हणाला, “मास्तर, एवढ्या लांब कशाला जाताय वो? हितं काय दगडमाती कमी हाय?”

“पंचगंगा कुठं जाती?” सरांनी साबणाच्या फेसातून विचारलं.

“कुरुंदवाडजवळ कृष्णेला मिळती की.”

“आन कृष्णा?”

“जाती तिकडं आंध्रात. समुद्राला.”

“मग तुझ्या दारातली धूळ तिथं जाऊन बसलीया. नीट बसलीया का न्हाय, ते बघाय जातो.”

सलूनवाल्यानं वस्तरा बाजूला धरला. “मग मास्तर, घेऊनच या की परत. दार लय खचलंय.”

सर इतके हसले की गालाला वस्तरा लागता लागता राहिला. मी बाकावर माझ्या पाळीची वाट बघत होतो, म्हणून हे मला माहीत.

पण त्यांचं काम खरोखरच तेवढंच होतं. नदी समुद्रात शिरते तेव्हा आणलेला गाळ टाकून देते. जड कण मुखाजवळच पडतात, पालापाचोळ्याची भुकटी आणि अभ्रकाच्या चकाकत्या कपच्याही तिथंच साठतात. बारीक चिखल लांब जातो आणि शांत पाण्यात सावकाश बसतो. वर्षांमागून वर्षं थरावर थर. समुद्राच्या तळात एक लांब नळी ठोकली आणि उपसून काढली, की आतल्या चिखलाच्या खांबात खालून वर सगळा इतिहास मिळतो. इथं नदीचं मुख जवळ होतं, इथं लांब गेलं, इथं खाडी होती, इथं नुसता समुद्र. प्रत्येक थर कुठल्या पाण्यात बसला हे ओळखायचं. पुस्तकात त्याला मोठी नावं आहेत. सर ते दातांनी ओळखायचे.

खरंच दातांनी. हरभऱ्याएवढा चिखल नखावर घ्यायचा, पुढच्या दोन दातांत धरून हलकेच घासायचा. कचकच लागली तर ‘रवा’, नुसता सरकला तर ‘लोणी’. मधलं काही असेल तर थोडा वेळ डोळे मिटून, “लोण्यात रवा पडलाय.” मी शेजारी वही घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी मी ‘रवा’ आणि ‘लोणी’ खोडून पुस्तकातले शब्द लिहिले. सरांनी वही घेतली, माझे शब्द खोडले, पुन्हा ‘रवा’ लिहिलं. म्हणाले, “प्रबंधात तुझं इंग्रजी घाल. वहीत दाताला जे लागलं तेच.” नंतर यंत्रावर कणांचं मोजमाप व्हायचं आणि सरांच्या रव्या-लोण्याशी ते जवळजवळ नेहमी जुळायचं. जुळलं की सर यंत्राची पाठ थोपटायचे.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, या दातांना फार वैतागल्या होत्या. “सकाळी दात घासायचे आणि दिवसभर चिखल खायचा. मग घासता कशाला वो?” त्या माझ्यादेखत म्हणायच्या. घरात खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरण्या होत्या. प्रत्येकीत पंचगंगेचं पाणी, खाली बसलेला गाळ. लोणच्याच्या बरण्या होत्या त्या. काकूंनी एका उन्हाळ्यात चार बरण्या परत मागून घेतल्या, तेव्हा सर दोन दिवस गप्प होते.

सरांचा राग एकाच गोष्टीचा असे: लेबल. नमुन्याच्या पिशवीवर खाडाखोड दिसली की पिशवी उचलून विचारायचे, “हे कुणी लिवलंय? तुला खात्री हाय?” विद्यार्थी अडखळला, की पिशवी केराच्या टोपलीत. मग ती किती कष्टानं आणलीय ते बघायचे नाहीत. “माती बरोबरच असती,” म्हणायचे. “लेबल माणूस लिहितो.” नळीच्या बाबतीत तर त्यांचा नियम चार शब्दांचा होता. आधी बाण, मग करवत. समुद्रातून काढलेली सहा-सात हातांची नळी गाडीत बसत नाही, ती किनाऱ्यावर कापावी लागते. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर आकडा लिहायचा आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा. एकदा कापली की तुकड्याची दोन्ही टोकं सारखीच चिखलाची. वर कुठलं आणि खाली कुठलं, ते मग कुणालाच सांगता येत नाही. माझ्या आधी दोन वर्षं त्यांच्याकडे असलेल्या एका मुलानं आधी करवत चालवली होती. त्याला सरांनी किनाऱ्यावरूनच गाडीत बसवून परत पाठवलं होतं. ती गोष्ट प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होती. मलाही.

एकदा पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. ओसरल्यावर लोक घरं धुवायला लागले. सर एक चमचा, डबी आणि फूटपट्टी घेऊन निघाले, मी मागं. एका घरात बाई भिंतीवरचा गाळ खराट्यानं काढत होत्या. सर दारातून ओरडले, “ताई, थांबा! धुवू नका! त्या कोनाड्यातलं तेवढं ऱ्हाऊ द्या!”

बाईंनी वळून बघितलं. “कोण वो पावणं तुमी? पंचनाम्याला आलाय?”

“न्हाय, चिखल न्यायला.”

“चिखल?” बाईंनी खराटा खाली ठेवला. “न्या की! समदा न्या! टोपली देऊ का?”

सरांनी कोनाड्यातल्या गाळाची जाडी मोजली, चमचाभर डबीत घेतला, दातांत धरला. बाई बघतच राहिल्या. मग सरांनी डबी माझ्याकडे दिली, बाह्या वर केल्या आणि त्यांच्याकडचं घमेलं उचललं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या घरातला गाळ उपसला. निघताना बाईंनी चहा दिला. कपबशी नव्हती, तांब्यात दिला. सर त्यांना सांगत होते, “बघा, खाली भरड हाय आन वर बारीक. पाणी जोरात आलं आन मग थांबून ऱ्हायलं. सगळं लिहून ठेवून गेलंय.” बाई म्हणाल्या, “पाण्याला लिवता येतंय, आन आमच्या पोराला न्हाय.”

या सगळ्यामागं सरांचा एक विचार होता आणि तो त्यांनी आयुष्यभर जपला होता. ते कुरुंदवाडचे, शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी त्यांच्या घराची नदीकाठी मळी होती, नदीनंच आणून टाकलेल्या गाळाची जमीन. आजोबांच्या आणि वडिलांच्या देखत ती वीत वीत वाढत आली होती. मग एका पावसाळ्यात नदीनं काठ बदलला आणि एका रात्रीत मळी गेली. सकाळी वडील काठावर उभे राहून बघत होते, एवढंच सरांना आठवत होतं. मोठेपणी समुद्राच्या चिखलात त्यांनी तेच शोधलं. त्यांचं म्हणणं असं, की नदीचं मुख समुद्रात सावकाश पुढं सरकतं, गाळ टाकत टाकत. पण ते जागा सोडतं तेव्हा एकदम सोडतं. दुसरी वाट फुटते आणि जुनी ओस पडते. “यायला हजार वरसं, जायला एक पावसाळा,” असं ते म्हणत. पूर्व किनाऱ्यावरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक याच्या अगदी उलट सांगत: मुख हळूहळूच बुडतं, समुद्र हळूहळूच वर येतो. दोघांचा वाद एका नियतकालिकात बरीच वर्षं चालू होता. सरांकडे पुरावा थोडा होता, तुटक होता. त्यांना एक चांगली, सलग नळी हवी होती. ती काढणं हे माझ्या प्रबंधाचं काम होतं.

आम्ही ती काढली. उथळ समुद्रात दोन होड्या एकमेकींना बांधून, वर फळ्या टाकून. कोळ्यांशी सर मराठी, कानडी आणि हातवारे यांच्या मिश्रणानं बोलत आणि ते तेलुगूत उत्तर देत. दोन्हीकडच्यांना सगळं कळे. पूर्ण दिवस नळी ठोकण्यात गेला, दुसरा उपसण्यात. किनाऱ्यावर आणली तेव्हा भरती चढत होती. सर होडीवाल्यांचं सामान उतरवून द्यायला गेले आणि जाताना मला म्हणाले, “तू कापाय घे. आधी बाण.”

पहिल्या दोन तुकड्यांवर मी बाण काढले. तिसऱ्याच्या वेळी पेन उमटेना. नळी चिखलानं आणि खाऱ्या पाण्यानं ओली होती. पाणी पायाशी आलं होतं. मी मनात म्हटलं, कापून घेतो, पुसतो, मग काढतो. वरची बाजू माझ्या डाव्या हाताला आहे, लक्षात राहील. कापला. तेवढ्यात लाट आली आणि तुकडा वाळूवर गरकन फिरला. अर्धा फिरला की पूर्ण, ते मला आजही सांगता येत नाही. धावत जाऊन धरला, कोरड्या वाळूवर आणला, टोकं बंद केली, शर्टानं पुसला आणि बाण काढला. काढताना माझा हात थांबला होता. दोन्हींपैकी एक दिशा, निम्मी शक्यता माझ्या बाजूची. गाडीत बसवून परत पाठवलेला तो मुलगा मला दिसत होता. माझी शिष्यवृत्ती त्या वर्षी संपत होती. मी बाण काढला आणि चौथा तुकडा कापायला घेतला. त्यावर आधी बाण, मग करवत.

परतीच्या टेम्पोत सर नळ्यांवर एक हात ठेवून झोपले होते.

कोल्हापुरात प्रयोगशाळेत आम्ही एकेक तुकडा उभा चिरला. पाचवा आणि चौथा शांत समुद्राचा, सगळं लोणी. पहिला आणि दुसराही तसाच. जे काही घडलं होतं ते तिसऱ्यातच होतं. सरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात खालून वर रवा हळूहळू वाढत जायला हवा होता, आणि मग एक रेघ मारल्यासारखा एकदम थांबायला हवा होता. सर खालच्या टोकापासून दातांनी वर यायला लागले.

“लोणी. लोणी.” मग थांबले. “रवा.”

एकदम रवा. रेघ खालीच होती. तिथून वर रवा हळूहळू कमी होत गेला, पाल्याची भुकटी कमी होत गेली आणि वरच्या टोकाला पुन्हा लोणी. नदी एकदम आली होती आणि सावकाश गेली होती. प्राध्यापक म्हणत होते तसं.

सर पुन्हा खाली गेले आणि पुन्हा वर आले. तोंड धुऊन आले आणि तिसऱ्यांदा केलं. मग स्टुलावर बसले.

“बाण तूच काढलास?”

“हो सर.”

“करवतीच्या आधी?”

मी म्हटलं, “हो सर.”

ते माझ्याकडे बघत होते. संशयानं नव्हे, तसं असतं तर कदाचित मी बोललो असतो. लेबलावर कधीच विश्वास न ठेवणारा तो माणूस माझ्यावर विश्वास ठेवत होता. मग ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, “मग झालं. नळी म्हणंल ते.”

इथपर्यंत मला खरं माहीत नव्हतं. अंदाज होता, आणि तो बरोबर असेल अशी आशा होती. दोन महिन्यांनी तीही गेली. नळी चिरल्यावर एक अर्धा भाग हात न लावता जपून ठेवायचा आणि दुसऱ्याचे पातळ काप करून चाळायचे, अशी पद्धत असते. मी एकटाच काप करत होतो. तिसऱ्या तुकड्यात, चिखलाच्या आत, मला शिंपले लागले. दोन्ही शिंपा मिटलेले, जगत होते तसेच गाडले गेलेले. ही जात चिखलात उभी राहते: पाय खाली रोवते आणि श्वासाचं तोंड वर ठेवते. एक शिंपला उलटा असता तर वाहून आला असं म्हणता आलं असतं. तीन होते, आणि तिन्ही डोक्यावर उभे होते.

शेजारच्या खोलीत सर कुणाला तरी लेबलावरून झापत होते. उठून दार ढकललं असतं तर पाच पावलं होती. मी तिन्ही शिंपले चाळणीत टाकले, नळाखाली धरले आणि पाकिटावर ‘शिंपले, सुटे’ असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. खाडाखोड नव्हती.

पुढचं परिसंवादात झालं. पूर्वेच्या एका शहरात मोठी सभा होती. सरांनी आमच्या नळीचं चित्र पडद्यावर दाखवलं आणि साध्या इंग्रजीत सांगितलं, की मी इतकी वर्षं जे म्हणत होतो ते चूक होतं, पुरावा उलटा निघाला. ते ज्येष्ठ प्राध्यापक पुढच्या रांगेतून उठून आले आणि सरांचा हात हातात घेतला. सर म्हणाले, “मला माझ्या विद्यार्थ्यानं चूक ठरवलं, याचा आनंद आहे,” आणि मला उभं राहायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो. त्या टाळ्या मी घेतल्या. परतल्यावर सरांनी त्याच नियतकालिकात दोन परिच्छेदांचं टिपण छापलं आणि स्वतःचं म्हणणं मागं घेतलं. त्यावर माझी पदवी झाली, आणि पदवीवर जयसिंगपुरातल्या कॉलेजातली नोकरी.

त्या प्रवासात, परतीच्या गाडीत, सर खिडकीशी बसून भडंग खात होते. पुडी माझ्यापुढं करून म्हणाले, “घे की. असा काय बसलाईस सुतक्यागत? चूक निघाली की बरं वाटतंय मर्दा. लय वरसं पोटात धरून बसलोतो.” त्यांना खरंच बरं वाटत होतं की नाही, मला माहीत नाही. मी मूठभर भडंग घेतलं आणि खाल्लं.

यानंतरचं सांगणं मला जास्त कठीण जातंय. कारण सर तिथं थांबले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न धरला: कृष्णेनं त्या जागी असं का केलं? इतर कुठल्याच बारीकसारीक पुराव्याशी ते जुळत नव्हतं. नदी तिथंच एकदम का आली आणि सावकाश का गेली? त्यासाठी त्यांनी वारे वाचले, समुद्राचे प्रवाह वाचले, जुने नकाशे जमवले. वह्या लिहायला घेतल्या. दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. “अरे, आपल्या नळीचं मला एक सुचलंय. येतोस का?” मी जयसिंगपूरहून यायचो. काकू चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, “आला का तुमचा नळीवाला?” सर वही उघडून तासभर समजावून सांगायचे. मी मान हलवायचो, कधी शंकाही काढायचो. शंका काढली की ते खूश व्हायचे. पुढच्या खेपेला तिचं उत्तर तयार असायचं. नसलेल्या कोड्याला ते उत्तर शोधत होते, आणि मी त्यांना मदत करत होतो.

काही वर्षांपूर्वी नव्या संशोधक मुलांनी यंत्रानं खोल नळ्या काढल्या, एक नव्हे, कितीतरी. त्यांचा निष्कर्ष छापून आला. नदीचं मुख सावकाश येतं आणि एकदम जातं. शब्दही जवळजवळ सरांचे. तळटीपेत सरांचं नाव होतं, ‘ज्यांनी हे मत नंतर मागं घेतलं’ असं. वाचलं त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचं. रजा टाकली आणि मंगळवार पेठेत गेलो.

सर दारातच उभे होते. “वाचलंस? बरोबर निघालं की रे ते! मी म्हणत होतो तेच!” मला ओढून आत नेलं. काकूंना हाक मारली, “अगं, ह्याला गोड काहीतरी दे.” मी खुर्चीवर बसलो. तोंड उघडलं. “सर, ती तिसरी नळी—”

“तेच!” ते म्हणाले. “तेच सांगतोय मी. त्यांचं बरोबर हाय, आन आपली नळीबी बरोबर हाय. दोन्ही बरोबर असतील तर काय? आपल्या जागी कायतरी येगळं घडलंय. कुणालाच ठावं न्हाय, फक्त आपल्याला.” नवी कोरी वही त्यांनी मांडीवर घेतली. त्यांचं वय झालं होतं, पण चेहरा उजळला होता. “एवढं सुटलं, की सुटलो बघ.”

काकूंनी शिरा आणून दिला. मी खाल्ला. सांगितलं नाही. मनात म्हटलं, त्यांचा आनंद कशाला मोडू. ते खोटं होतं. मला माझी खुर्ची मोडायची नव्हती.

सर शेवटपर्यंत लिहीत होते. शेवटच्या वहीतलं शेवटचं वाक्य अर्धं आहे.

चौदा वह्या आहेत. दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं आणि त्या पलंगावर माझ्यासमोर मांडल्या. “तूच ने. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळणार न्हाय.” मग बोलता बोलता वहीवरून हात फिरवत म्हणाल्या, “मला एक सांग. एवढं लिवलं, त्यात कायतरी हाय न्हवं? का नुसतंच?”

“आहे काकू,” मी म्हटलं.

“मग पुस्तक कर. पोरं म्हणत्यात, वर्षश्राद्धाला काढू. प्रस्तावना तूच लिव. त्यांचा तुझ्यावर लय जीव होता.” वह्यांची चळत सारखी करत त्या म्हणाल्या, “ह्या वह्यांपायी माझ्याशी बोलायलाबी त्यांना वेळ नसायचा रे. पुस्तक झालं की मग मी म्हणीन, जाऊ दे, कामात होते.”

मी वह्या घेऊन आलो. वाचल्या. एका चुकलेल्या बाणावर रचलेलं, दुसऱ्या कुठल्याही पायावर न टिकणारं, पण ओळ न् ओळ सचोटीनं लिहिलेलं ते काम आहे. ते छापलं तर सरांच्या नावावर दुसऱ्यांदा चूक लागेल, आणि याही वेळी ती माझीच असेल. न छापावं, तर काकूंना कारण सांगावं लागेल. सर निवृत्त झाल्यावर माझ्याकडे आलेला नळीचा जपलेला अर्धा भाग माझ्याच कॉलेजच्या कपाटात आहे. वाळून भेगाळलाय. मागच्या आठवड्यात बाहेर काढला आणि भिंगातून बघितला. भेगेत आणखी एक शिंपला दिसतो, डोक्यावर उभा. ज्याला तपासायचं असेल त्याला तो आजही बघता येईल.

प्रस्तावनेऐवजी हे लिहिलंय. लिहिल्यानं काही फिटत नाही, एवढं मला कळतं. काकूंच्या समोर बसून मला सांगायचंय, की त्यांच्या नवऱ्याची ती वर्षं माझ्या एका ‘हो सर’मुळं गेली, हे छापून येण्याआधी, माझ्या तोंडून, त्या विचारतील त्या सगळ्याला उत्तर देत. आणि सरांनी ज्या नियतकालिकात आपलं म्हणणं मागं घेतलं, तिथं माझ्या नावानिशी लिहायचंय की तिसरा तुकडा उलटा होता, बाण करवतीनंतर काढला होता, विचारल्यावर मी खोटं बोललो, आणि सर पहिल्यापासून बरोबर होते. या दोन्हींपैकी एकही गोष्ट मी अजून केलेली नाही.